मिरचीचं शेत आणि अनाथ पिल्लं: दोन्ही एका घरात कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा: एक एकर मिरची आहे, घरात दोनच माणसं आहेत. वन्यजीवांची अनाथ पिल्लं तात्पुरती सांभाळण्याचं प्रशिक्षण दोघांनी नुकतंच पूर्ण केलंय, परवानगीही मिळाली आहे. पहिलं पिल्लू घरी येण्याआधी विचारलंय की शेत आणि पिल्लं एकत्र जमतात का, दिवस कसा लावायचा, फवारणीचं काय करायचं आणि पिल्लू सोडायचं कधी.

जमतं. मी चौदा वर्षं मिरची करते आहे आणि त्यातली अकरा वर्षं आमच्या घरात कुठलं ना कुठलं पिल्लू असतंच. बहुतेक खारी, काही रानससे, अधूनमधून घुबडाचं पिल्लू. पण सगळे आधी वेळेचं विचारतात आणि मला वाटतं आधी हातांचं विचारावं. सकाळी जे हात मिरचीचे देठ खुडतात, तेच हात तासाभरानं वीस ग्रॅमच्या जिवाच्या तोंडाशी सिरिंज धरतात. आमच्याकडे आजवर जे जे बिघडलं ते बहुतेक या हातांच्या वाटेनंच बिघडलं, म्हणून सुरुवात तिथून करते.

सहाव्या वर्षीची गोष्ट. खारीची तीन पिल्लं होती, डोळे नुकतेच उघडलेले. दुपारच्या दुधाला एकानं सिरिंजचं टोक तोंडात घेतलं आणि झटका बसावा तसं मागे सरकलं. पुढचे दोन्ही पंजे तोंडावरून ओढायला लागलं, पुन्हा पुन्हा, डोळे घट्ट मिटून. मला वाटलं दूध गरम असेल. मनगटावर थेंब टाकून पाहिला, कोमट होता. दूध बदललं, सिरिंज बदलली, तरी तेच. मग बाकीची दोनही तोंड फिरवायला लागली. अर्ध्या तासानं उलगडा झाला. त्यांचं तोंड पुसायचं फडकं ज्या दोरीवर वाळत घातलं होतं, ती दोरी लाल मिरचीच्या वाळवणापासून दहा पावलांवर होती आणि सकाळपासून वारा त्याच दिशेनं होता. फडकं माझ्या ओठाला लावलं तर ओठ चुरचुरला. ते पिल्लू दोन दिवस सिरिंज पाहिली की अंग चोरायचं. वजन दोन ग्रॅमनं उतरलं. वाचलं ते, पण तेव्हापासून पिल्लांचं एकही कापड आमच्याकडे बाहेर वाळत नाही.

यामागचं कारण समजून घेतलं की काळजी आपोआप घेतली जाते. तिखटपणा ही जिभेची चव नसते, ती वेदना असते. मिरचीतला तिखट पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. ते सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं, तीच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्याचं काम करते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये ती ओळखली तीही कॅप्सेसिन वापरूनच, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे आपल्या बोटावरचा तिखटाचा अंश पिल्लाच्या तोंडात गेला की त्याच्या मेंदूला भाजल्याचाच निरोप पोचतो. पक्ष्यांची हीच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पाखरं लाल मिरची निवांत गिळतात आणि बी न चावता लांब नेऊन टाकतात. खार किंवा उंदीर तेच बी दातांखाली चिरडतात. मिरचीनं आपला तिखटपणा नेमका त्यांच्यासाठी राखून ठेवलाय, आणि आपण सांभाळतो ती बहुतेक पिल्लं त्याच बाजूची आहेत.

कॅप्सेसिन नुसत्या पाण्यानं निघत नाही, तेलात मात्र विरघळतं. म्हणून शेतातून आल्यावर आधी हातांना खाद्यतेल चोळायचं, नखांच्या कडांपर्यंत, चांगलं मिनिटभर. मग ते कोरड्या कागदानं पुसून काढायचं आणि नंतर भांड्याच्या साबणानं दोनदा धुवायचं. आधीच पाण्याखाली हात धरले तर तिखट पसरतं, निघत नाही. हातमोजे घालाच, पण त्यांच्यावर विसंबू नका. काढताना बाहेरची बाजू हमखास बोटांना लागते. मी शेवटी बोट स्वतःच्या खालच्या ओठाच्या आतून फिरवते. जराही चुरचुरलं तर पुन्हा तेलापासून सुरुवात, आणि नाही चुरचुरलं तरी एकदा साबण लावूनच पिल्लांच्या खोलीत जाते. सदरा वेगळा, चपला वेगळ्या. लाल मिरची देठ काढून फोडण्याचं काम असेल त्या दिवशी केसही बांधून झाकायचे. सर्वांत तिखट भाग बी नसतो, बिया धरून ठेवणारी आतली पांढरी शीर असते, आणि मिरची फोडली की तीच हाताला लागते.

पिल्लांची खोली घराच्या अशा बाजूला घ्या की शेतावरचा आणि वाळवणाचा वारा तिकडे येणार नाही. वाळलेली मिरची पोत्यात भरताना जी धूळ उडते ती मोठ्या माणसालाही ठसका लावते, तर एवढ्याशा फुफ्फुसांचं काय होत असेल याचा विचार करा. पोती भरायची असतील तेव्हा त्या खोलीची खिडकी आमच्याकडे आदल्या रात्रीच बंद होते.

आता दिवस. आमचा पहाटे साडेचारला सुरू होतो. दूध देण्याआधी वजन, रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, कापसाच्या त्याच वाटीत. एक ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणारा काटा लागतो. वजन रोज थोडं का होईना वाढलं पाहिजे. एक दिवस अडलं तर मी नजर ठेवते, दुसऱ्या दिवशीही अडलं तर वन्यजीव बचाव केंद्राला फोन करते. दुधाचं प्रमाण वजनावरूनच ठरतं: एका वेळी शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के. वीस ग्रॅमचं पिल्लू असेल तर एक मिलिलिटर, बस. ते आणखी मागेल, सिरिंजला लोंबकळेल, तरी नाही. पोट फुगून गेलेली पिल्लं मी उपाशी गेलेल्या पिल्लांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नका. खारीच्या दुधात चरबी खूप जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते, त्यामुळे आपलं दूध त्यांना सोसत नाही. जुलाब लागतात आणि एवढ्याशा अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. प्रशिक्षणात सांगितली असेल तीच पिल्लांची दूधभुकटी वापरा आणि कालवलेलं दूध उरलं तर टाकून द्या. पिल्लू पालथं, डोकं किंचित वर धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. दूध नाकातून आलं तर लगेच थांबून डोकं खाली करायचं आणि नाक टिपायचं. श्वासनलिकेत गेलेल्या एका थेंबाचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो दोन दिवसांनी कळतो. डोळे न उघडलेल्या खारींना दूध झाल्यावर कोमट ओल्या कापसानं पोटाखाली हळूहळू पुसावं लागतं, तेव्हाच त्यांना लघवी आणि शी होते. एरवी हे आई चाटून करते. हे विसरलं तर पुढचं दूध देण्यात अर्थ नाही.

आणि सगळ्याआधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं ही नवख्या माणसाची सर्वांत सामान्य चूक आहे. थंड शरीरात आतडं चालत नाही, दूध तिथेच आंबतं. आधी ऊब, मग केंद्रानं सांगितलेलं क्षारपाणी, आणि ते पचलं की मग दूध. अंगावर केस नसलेल्या खारीला ३२ ते ३५ अंश लागतात आणि लव यायला लागली की ते हळूहळू कमी करायचं. ऊब डब्याच्या अर्ध्याच भागाखाली द्या, म्हणजे पिल्लाला गरम झालं तर सरकायला जागा राहते. मिरचीच्या बियांनाही उगवायला २५ ते ३० अंश लागतात, म्हणून उबेचा डबा रोपवाटिकेच्या ट्रे शेजारीच ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. ट्रेमधल्या ओल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, बुरशी पिल्लांच्या श्वासात जाणं बरं नाही.

पहिलं दूध आणि सफाई होईस्तोवर उजाडतं, आणि इथे शेतच तुमच्या मदतीला येतं. पानांवर दव असताना मिरचीत शिरायचं नसतं. ओल्या पानांना लागलेले हात आणि कपडे जिवाणूजन्य ठिपके आणि फळकूज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेतात. दव उतरेपर्यंतचा दीड-दोन तास तसाही मोकळा असतो. दुसरं दूध, कापडं बदलणं, डबे धुणं, वहीत नोंद, सगळं त्यात बसतं. मी या वेळेची राखण फार कडकपणे करते. तेव्हा पंप बघायला जायचं नाही, फोन घ्यायचा नाही.

मग शेत. रोजच्या फेरीत मी फक्त पानं पाहते. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या तर फुलकिडे, खाली वळून पान लांबुळकं झालं तर कोळी नावाची बारीक कीड. पांढरी माशी दिसली तर चुरडामुरड्याचं, म्हणजे तिच्यामुळे पसरणाऱ्या रोगानं पानं आकसलेलं झाड उपटून पिशवीत घालून बाहेर. बाकीची शेती तुम्हाला माहीत आहे, त्यावर लिहीत नाही.

तोड्याचा दिवस मात्र वेगळा. हिरव्या मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांनी येतो आणि त्या दिवशी घरातला एक माणूस मिरचीला अजिबात हात लावत नाही. आमच्याकडे अपवाद नसलेला नियम हाच एक आहे. दर दोन-तीन तासांनी दूध द्यायचं असेल तेव्हा तोडणाऱ्या माणसानं मध्येच येऊन तेल-साबण करणं, सदरा बदलणं आणि पुन्हा जाणं होत नाही. घाईत एक पायरी गळते आणि ती नेमकी नखांची असते. दोघांनी मिळून एका दिवसात होणारं काम यामुळे दोन दिवस घेतं, हे आधीच मान्य करा. आम्ही यासाठी एकराचे दोन भाग करून पंधरा दिवसांच्या अंतरानं लावतो, म्हणजे तोडे एकावर एक येत नाहीत.

इथे माझं एक ठाम मत आहे, ते सगळ्यांना पटत नाही. लागवडीची तारीख ठरवताना आधी पिल्लांचा हंगाम पाहा. केंद्राकडे कोणत्या महिन्यात कोणती पिल्लं येतात याच्या नोंदी असतात, त्या विचारून घ्या. रोप लावल्यापासून पहिला हिरवा तोडा साधारण दोन ते अडीच महिन्यांनी येतो. तो आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांचा महिना एकत्र येऊ देऊ नका. लागवड पंधरा दिवस मागेपुढे करता येते. पिल्लू ज्या दिवशी झाडावरून पडतं, त्याच दिवशी त्याला तुमची गरज असते.

कोणती पिल्लं घ्यायची हेही शेतावरून ठरवा. पिसं न फुटलेल्या पाखरांच्या पिल्लांना उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर पंधरा ते तीस मिनिटांनी भरवावं लागतं. तोड्याच्या महिन्यात मी ती घेत नाही, केंद्राला स्पष्ट सांगते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. अर्धवट वेळ देऊन घेतलेलं पिल्लू दुसऱ्या कुणाकडे जगलं असतं. वटवाघळांना रेबीजप्रतिबंधक लस आधी घेतल्याशिवाय आणि जाड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, कितीही लहान असलं तरी. त्यांचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसतही नाही. खरं तर कोणत्याही सस्तन प्राण्याचं पिल्लू सांभाळायचं तर ही लस दोघांनी आधी घेऊन ठेवा.

शेतात सापडणारं प्रत्येक एकटं पिल्लू अनाथ नसतं, आणि शेतकऱ्याला ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण ती आपल्याच रांगांमध्ये सापडतात. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि दिवसातून एकदा, बहुधा सूर्यास्तानंतर, काही मिनिटं पाजून जाते. मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या आच्छादनाच्या, कडेला अंग चोरून गप्प बसलेलं, टवटवीत, जखम नसलेलं पिल्लू दिसलं तर त्या रांगेत खूण म्हणून काठी रोवा आणि तिथलं काम दुसऱ्या दिवशी करा. आमच्याकडे एका तोड्याला एक संपूर्ण ओळ अशी सोडली होती. दुसऱ्या दिवशी पिल्लू तिथे नव्हतं, आणि त्याच्या जागी दबलेल्या गवताचा एक लहानसा खळगा होता, मुठीएवढा. मी त्याला हात लावून पाहिला, कोरडा आणि अजून गुळगुळीत होता.

पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, उड्या मारणारं पाखराचं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याचे आईबाप आसपासच असतात. कुत्रं-मांजर येत असेल तर जवळच्या झुडपात वर ठेवा, एवढंच. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. घुबडाची पिल्लं उडता येण्याच्या आधीच ढोलीबाहेर फांदीवर येतात आणि कधी खाली पडतात. धडधाकट असेल तर फांदीवर परत ठेवलेल्या पिल्लाला रात्री आईबाप भरवतात. खारीचं घरटं पडलं असेल तर पिल्लं उबेच्या बाटलीसह उघड्या खोक्यात घालून त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि दिवसाउजेडी दोन-तीन तास लांबून पाहा. आई एकेक करून तोंडात धरून नेते. मांजरानं धरलेलं पिल्लू मात्र जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे गेलं पाहिजे. मांजराच्या तोंडातल्या पास्च्युरेला जिवाणूंनी एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरतं.

आता फवारणी. एका हातानं पिल्लं वाचवायची आणि दुसऱ्या हातानं शेतात अनाथ करायची, असं नकळत होत असतं. मीही केलंय. पिल्लं घ्यायला लागल्यावरही पहिली तीन वर्षं उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवायचे. रक्त गोठू न देणारी ही विषं उंदराला लगेच मारत नाहीत, तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. विष त्याच्या यकृतात असतं, ते घुबडाच्या यकृतात साठत जातं. त्या काळात केंद्रातून आलेल्या एका घुबडाच्या पिल्लाबरोबर निरोप होता की त्याचे आईबाप याच विषानं गेले असावेत. माझ्या शेतातले नव्हते ते, गाव वेगळं होतं. तरी त्या रात्री मी उरलेल्या गोळ्या घराबाहेर काढल्या आणि पुन्हा आणल्या नाहीत. आता बांधावर पक्षिथांबे आहेत, गोदामाजवळ सापळे आहेत आणि धान्य पत्र्याच्या डब्यात आहे. गव्हाणी घुबडाची एक जोडी पिल्लं असताना रात्रीत जितके उंदीर उचलते, तितके मी सापळ्यांनी आठवड्यात धरत नाही.

फवारणी करावीच लागते, मिरचीत ती टळत नाही, पण ठरवून करता येते. संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, वारा पडल्यावर. त्या दिवशी फवारणारा माणूस पिल्लांच्या खोलीत जात नाही, आंघोळ करूनही नाही, दुसऱ्या दिवशीच. आणि फवारलेल्या शेतातले नाकतोडे किंवा अळ्या पकडून कुठल्याही पिल्लाला भरवायच्या नाहीत. हे सांगावं लागतं कारण ते फार सोपं वाटतं: शेतात किडे आहेत, घरात भुकेली चोच आहे.

चिकट सापळे, निळे फुलकिड्यांसाठी आणि पिवळे पांढऱ्या माशीसाठी, मी वापरते. पण उघडे टांगलेले सापळे पाली, लहान पाखरं आणि वटवाघळंही धरतात. प्रत्येक सापळ्याभोवती बोटभर भोकांच्या तारेच्या जाळीची नळी लावली की किडे आत जातात आणि पाखरू बाहेर राहतं. कुणी अडकलंच तर ओढू नका. उरलेल्या चिकट भागावर कागद चिकटवून झाका आणि तसंच केंद्राकडे न्या. पक्ष्यांची जाळी लावणार असाल तर करंगळी भोकातून जाता कामा नये, आणि जाळी ताणून बसवलेली हवी. सैल मोठ्या भोकांच्या जाळीत साप, वटवाघळं, पाखरं अडकून रात्रभर लटकतात. खरं तर पाखरांनी खाल्लेली मिरची इतकी थोडी असते की मी जाळी लावणंच सोडून दिलं.

तण कापताना शेताच्या मधून बाहेरच्या दिशेनं जा, म्हणजे ससे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं कडेला निसटू शकतात. बाहेरून आत गेलं तर ती मध्ये कोंडली जातात. वाळकं झाड तोडण्याआधी बुंध्यावर काठीनं ठोकून दहा मिनिटं ढोलीकडे बघत बसा. आणि ठिबकच्या नळ्या खारी कुरतडत असतील तर त्या बहुतेक पाण्यासाठी कुरतडतात. बांधावर सावलीत चार उथळ भांडी पाणी ठेवलं की नळ्या वाचतात. आमच्या शेतात तरी वाचल्या.

रात्रीबद्दल विचारलं नव्हतं, पण सांगते. केस नसलेल्या खारींना पहिले आठ-दहा दिवस रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं. दोघांनी रात्री वाटून घ्या, एकानं सलग सहा तास झोपलंच पाहिजे. तोड्याच्या आदल्या रात्री तोडणाऱ्याला उठवायचं नाही. आणि काही पिल्लं जातील. आलेल्या पहिल्या रात्रीत सगळ्यात जास्त जातात, आपण सगळं बरोबर केलं तरी. मी तेव्हाही वहीत वजन लिहिते, वेळ लिहिते, काय दिलं ते लिहिते. केंद्राला त्याचा उपयोग होतो. त्या दिवशी मी शेतात एकटी जाते, आणि नवरा काही विचारत नाही.

पिल्लाला माणसाची सवय लागू देऊ नका. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की अंड्यातून निघालेली करड्या हंसाची पिल्लं समोर दिसेल त्यालाच आई मानून मागे चालतात. घुबडांचंही असंच होतं, आणि माणसाला आई मानणारं घुबड पुढे जोडीदार शोधू शकत नाही. म्हणून भरवताना चेहऱ्यासमोर कापडाचा पडदा धरायचा, बोलायचं नाही, आणि शक्य तितक्या लवकर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लांसोबत ठेवण्यासाठी केंद्राकडे द्यायचं. घुबडाला नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. त्याला आख्खा उंदीर, हाडांसकट लागतो. खारींशीही दूध सुटल्यावर बोलणं बंद. मुलं, पाहुणे, फोटो, काही नाही.

खारींना सोडायचं कधी, तर वयावरून नाही. दूध सुटलेलं, कवच स्वतः फोडून खाणारं, झोपायला स्वतः काड्या-दोरे गोळा करणारं, आणि माणूस खोलीत आला की लपणारं पिल्लू तयार असतं. यातलं शेवटचं नसेल तर बाकीची तिन्ही असूनही थांबा. मोठा पिंजरा शेतापासून दूर, फवारा पोचत नाही अशा जुन्या झाडावर टांगायचा आणि त्यात आठ-दहा दिवस राहू द्यायचं, म्हणजे तिथले आवाज, वारा, बाकीच्या खारी ओळखीच्या होतात. मग कोरड्या हवेच्या दिवशी सकाळी दार उघडायचं आणि निघून यायचं. पुढच्या आठवड्यात पाऊस किंवा फवारणी असेल तर सोडणं पुढे ढकला.

दार उघडल्यावर पहिल्या दिवशी बहुतेक बाहेर येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी फांदीवर, संध्याकाळी परत आत. खाणं-पाणी दोन आठवडे पिंजऱ्यात ठेवत राहा, दर वेळी थोडं कमी. गेल्या खेपेची चार पिल्लं नवव्या दिवसापर्यंत रात्री पिंजऱ्यात झोपायला येत होती, दहाव्या दिवशी तीन आली, पंधराव्या दिवशी एकही नाही. पिंजरा मी आणखी महिनाभर दार उघडं ठेवून तसाच टांगलेला ठेवते, कारण एखादं जोराच्या पावसात परत येतं. नंतर तो उतरवून धुते, उन्हात ठेवते, आणि वाळवणापासून लांबच्या बाजूच्या खोलीत नेऊन लावते.